योगाभ्यास आणि आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे प्रथम मूळपुरुष, मग वतने, मग स्थलांतरे, मग विद्यार्थिगृहे आणि शेवटी कर्त्या पुरुषांच्या तसबिरी, असा एक क्रम ठरून गेलेला आहे. या क्रमात घरातील आजी, काकू, आत्या, मावशी यांस जागा मिळते ती बहुधा देणगीदारांच्या यादीत; आणि तीही ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ एवढ्याच शब्दांत. त्या मातोश्री हयात असताना त्यांचे गुडघे त्यांस जिना चढू देत होते की नाही, दुपारच्या वेळी त्यांच्याशी दोन शब्द बोलावयास कोणी होते की नाही, याची नोंद कोणी ठेवीत नाही. म्हणून यंदा तो रूढ क्रम बाजूस ठेवून एका साध्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे. वय झालेल्या स्त्रियांनी एकत्र जमून योगाभ्यास करावा ही कल्पना महाराष्ट्रात कशी आली, आणि ती आपल्या गावी रुजावी असे आम्हांस का वाटते, एवढाच या लेखाचा विषय होय.

किकवी हे पुणे–सातारा रस्त्यावरचे गाव. पुण्याहून निघावे तो खेड शिवापूर, कापूरहोळ मागे टाकून ४०–४५ किलोमीटरांवर किकवी लागते. पुढे नीरा ओलांडली की शिरवळ. या रस्त्याची दोन्ही टोके धरून पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. दक्षिणेस साताऱ्याच्या पलीकडे औंध आहे. उत्तरेस पुणे, आणि पुण्याच्या पुढे घाटमाथ्यावर लोणावळे आहे. गेल्या शंभर वर्षांत योगाभ्यास आणि नमस्कार यांस जे नवे रूप आले, ज्या रूपात ते जगभर गेले, त्यातील बराचसा भाग या टापूतच घडला. तथापि या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या आमच्यासारख्या गावांतील स्त्रियांच्या वाट्यास तो सर्वांत शेवटी आला. असे का झाले, याचे उत्तर शोधण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

योग ही पुरुषांची, त्यातही संन्याशांची विद्या, असा समज आपल्याकडे फार काळ होता. परंतु आपल्या जुन्या ग्रंथांत निराळीही साक्ष सापडते. ‘योगयाज्ञवल्क्य’ या ग्रंथाची मांडणीच मुळी याज्ञवल्क्य आणि गार्गी यांच्या संवादाची आहे. म्हणजे तेथे योग ऐकावयास बसलेली श्रोती स्त्री आहे. ‘हठयोगप्रदीपिका’ हा पंधराव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ स्पष्ट सांगतो की, तरुण असो, वृद्ध असो, अतिवृद्ध असो वा रोगी असो, आळस टाकून अभ्यास करणाऱ्यास सिद्धी मिळते. खुद्द महाराष्ट्रात श्रीज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध केलेल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे सविस्तर वर्णन मराठीत आले. आणि त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई ही चांगदेवासारख्या वयोवृद्ध योग्याची गुरू झाली, असे आपली परंपरा मानते. तेव्हा अधिकार नव्हता असे नव्हे. वेळ नव्हता, जागा नव्हती आणि घरची संमती नव्हती. सूर्योदयापूर्वी उठून जाते, पाणी, धार, चूल यांत जिची सकाळ जाते, तिने आसनस्थ व्हावे कधी आणि कोठे?

आधुनिक काळात ही कोंडी फुटण्यास प्रारंभ झाला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. भोरचे पंतसचिव, तसे औंधचे पंतप्रतिनिधी. ही दोन्ही संस्थाने १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते होते. स्वतः रोज नमस्कार घालून ते थांबले नाहीत. आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कारांचा पाठ सुरू केला, त्यावर पुस्तके लिहिली आणि राजवाड्यातील स्त्रियांसही त्यातून वगळले नाही. स्त्रीने घाम येईपर्यंत व्यायाम करणे यात काही अशोभनीय नाही, ही गोष्ट एका राजघराण्याने आचरून दाखविली, याचे महत्त्व त्या काळच्या मानाने लहान नव्हते.

याच सुमारास मुंबईकडे दुसरा प्रयत्न चालू होता. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली वेसाव्यास योगसंस्था स्थापिली. संसारी माणसास योग शिकवावा, तो गुहेतून घरात आणावा, हा त्यांचा उद्देश होता. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली स्त्रियांच्या योगाभ्यासावर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. स्त्रीने स्त्रियांकरिता लिहिलेल्या या विषयावरील अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. स्त्रीचे शरीर, तिची बाळंतपणे, तिचे मध्यमवय यांचा विचार करून अभ्यास ठरविला पाहिजे, ही दृष्टी त्यामुळे पुढे आली. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. आसने व क्रिया करीत असता शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने व दाबमापक यंत्रांनी तपासून पाहण्याचा उपक्रम त्यांनी केला. योगाभ्यास हा चमत्काराचा विषय नसून पडताळून पाहण्याचा विषय आहे, हा धडा लोणावळ्याने दिला. आणि घरातील वडील माणसांची समजूत पटण्यास पुढे त्याचाच उपयोग झाला.

पुण्याची कथा याहून मनोरंजक आहे, कारण तिचा उगमच स्त्रियांच्या वर्गात आहे. म्हैसूरचे टी. कृष्णम्माचार्य हे आपल्या शिष्यांसह १९३६ च्या सुमारास उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिके करीत फिरत असता, तेथील काही स्त्रियांनी शिकण्याची इच्छा दर्शविली. मोठ्या वयाच्या पुरुषांपुढे आसने करण्याचा त्यांस संकोच वाटे. म्हणून शिष्यांतील सर्वांत लहान जो १७–१८ वर्षांचा मुलगा, त्याच्यावर हे काम आले. हा मुलगा म्हणजेच बी. के. एस. अय्यंगार. पुढे १९३७ साली डॉ. वि. भा. गोखले यांच्या प्रयत्नाने पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्यांस सहा महिन्यांकरिता बोलाविले, आणि ते जे आले ते पुण्याचेच होऊन राहिले. १९५८ साली बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी त्यांस पाचारण केले, तेव्हा त्या बाईंचे वय ८० च्या पुढे गेलेले होते; आणि त्यांनी शीर्षासन शिकण्याचा हट्ट धरून तो पुराही केला. वाचकभगिनींनी शीर्षासन करावे असे सुचविण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ८० व्या वर्षी नवे काही शिकावयास बसणे ही लाजेची गोष्ट नाही, एवढाच त्याचा बोध घ्यावा.

अय्यंगारांच्या पत्नी रमामणी १९७३ साली निवर्तल्या. त्यांच्या नावाने १९७५ साली पुण्यात योगसंस्था उभी राहिली, आणि तेथे त्यांच्या कन्या गीताबाई (१९४४–२०१८) यांनी स्त्रियांच्या अभ्यासाची घडी बसविली. लहानपणी मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराने त्या पीडित होत्या आणि औषधांचा खर्च घरास झेपत नव्हता; वडिलांच्या सांगण्यावरून त्या योगाभ्यासाकडे वळल्या आणि तोच त्यांचा जन्माचा व्यवसाय झाला. त्यांचे स्त्रियांकरिता लिहिलेले पुस्तक सर्वत्र वाचले जाते. या परंपरेने भिंत, खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा, घडी केलेले कांबळे अशा साध्या वस्तूंचा आधार घेण्याची जी रीत रूढ केली, ती वृद्धांस फार मोठे वरदान ठरली. ज्यास खाली वाकून अंगठा धरता येत नाही त्याने आसन सोडावे असे नव्हे. त्याने पट्टा धरावा, असा तिचा अर्थ.

आता राहिला सामुदायिक वर्गाचा प्रश्न. सभासदांनी एकत्र यावे, आधी शिकलेल्यांनी नवागतांस विनामूल्य शिकवावे, ही पद्धत १९६० नंतरच्या काळात ठाण्याच्या घंटाळी मित्र मंडळाने आणि हठयोगी निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीरने मोठ्या प्रमाणावर चालविली. गृहिणी विद्यार्थिनी म्हणून यावयाच्या आणि काही वर्षांनी शिक्षिका व्हावयाच्या. चार भिंती, सतरंजी आणि नियमाने येणारी माणसे, याखेरीज अशा वर्गास काही लागत नाही, हे ठाण्याने सिद्ध केले. पुढे ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ जून हा योगदिन ठरविला आणि २०१५ पासून गावोगावच्या शाळांच्या पटांगणांवर तो साजरा होऊ लागला. उत्तम झाले. परंतु एक दिवसाचा समारंभ म्हणजे वर्ग नव्हे. गुडघे २२ जूनलाही दुखतात.

येथपर्यंतचा इतिहास नगरांचा झाला. भोर–वेल्ह्याच्या खेड्यांतून या विषयावर एक ठराविक उत्तर ऐकू येते : ‘आमच्या बाया दिवसभर राबतात, त्यांस आणखी व्यायाम कशाला?’ हे उत्तर वरवर बिनतोड दिसते. वस्तुतः त्यात मोठी चूक आहे. श्रम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. आषाढात खाचरात उतरून भाताची लावणी करणारी स्त्री दिवसचे दिवस कमरेत वाकून असते. तिची पाठ पुढे वाकते, मागे कधीच वळत नाही. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेणारी वर्षानुवर्षे एकाच बाजूस भार देते. चुलीपुढे फुंकर घालणारीच्या छातीत धूर जातो. श्रमाने शरीर झिजते ते एकाच ठिकाणी. व्यायामात सर्वांगाचा समतोल साधावयाचा असतो. म्हणूनच आयुष्यभर काम केलेल्या आजीची कंबर सत्तरीत धनुष्यासारखी होते, आणि आपण ती गोष्ट वयाच्या माथी मारून मोकळे होतो.

दुसरी हानी शरीराची नव्हे, मनाची आहे. आणि आमच्या मते तीच अधिक मोठी. पूर्वी स्त्रियांचे एकत्र येणे हे कामाच्या निमित्ताने होत असे. पहाटे जात्यावर दोघी बसत. एकीने ओवी उचलावी, दुसरीने पुरी करावी. पाणवठ्यावर घरची गाऱ्हाणी सांगून होत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासक दांपत्याने पुणे जिल्ह्याच्या मावळ भागातून सुरुवात करून महाराष्ट्रातील खेड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सारे त्यांत आहे. म्हणजे जाते हे केवळ दळणाचे साधन नव्हते. ते मन मोकळे करण्याचे स्थान होते. पिठाची गिरणी आली, नळ आला, आणि ते कष्ट गेले. ते गेले हे इष्टच झाले, आणि कोणीही शहाणा माणूस जाते परत आणा असे म्हणणार नाही. परंतु कष्टांबरोबर सोबतही गेली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही. मुलगा-सून नोकरीनिमित्त पुण्यास वा मुंबईस, नातवंडे इंग्रजी शाळेत, आणि आजी ओसरीवर एकटी, असे चित्र आज महामार्गालगतच्या कोणत्याही गावात दिसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकांचे प्रमाण शेकडा ९.९ होते, ते पुढे वाढतच जाणार. आणि वृद्धांत विधुरांपेक्षा विधवांची संख्या कितीतरी अधिक असते, हे सांगावयास जनगणनेचीही गरज नाही.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. आपल्या समाजात स्त्रियांचे जे मेळावे होत आले, ते बहुतेक सौभाग्याच्या खुणेभोवती गुंफलेले आहेत. चैत्रातले हळदीकुंकू, मंगळागौर, संक्रांतीचे वाण, डोहाळजेवण, या सर्व ठिकाणी सुवासिनींस पाट मांडावयाचा, आणि जिचा पती गेला तिने स्वयंपाकघरात थांबावयाचे. भजन आणि वारी हे त्यास सन्मान्य अपवाद होत. म्हणजे उतारवयात, ज्या वेळी सोबतीची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच वेळी निम्मे दरवाजे बंद. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करून विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींस त्या ठरावाचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव हा पाया होय. त्यावर घर बांधावयाचे ते रोजच्या आचरणाने. योगवर्गाच्या सतरंजीवर कुंकू पाहून जागा दिली जात नाही. तेथे सासू आणि सून, सुवासिनी आणि विधवा, मळ्यातली आणि वाड्यातली, एका ओळीत बसून एकाच मोजणीने श्वास घेतात. एखादीचा तोल गेला की सगळ्या हसतात आणि तीही हसते. आमच्या मते या वर्गाचे सर्वांत मोठे फळ हेच आहे. आसने ही त्याची निमित्ते होत.

तथापि निमित्त असले तरी ते नीट असले पाहिजे. म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात पासष्टीच्या पुढील माणसांनी तोल सांभाळण्याचे आणि बळ वाढविण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत असे म्हटले आहे. त्याचा हेतू पडणे टाळणे हा होय. म्हातारपणी न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले म्हणजे घरावर काय प्रसंग येतो, हे बहुतेक कुटुंबांस ठाऊक आहे. म्हणून ताडासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाठीवर निजून पवनमुक्तासन, सावकाश दीर्घश्वसन, भ्रामरी आणि शेवटी शवासन, एवढा पाठ प्रारंभी पुरेसा आहे. रक्तदाब, काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली व पाय वर अशी आसने करू नयेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी जोराने पुढे वाकू नये, कमरेस पीळ देऊ नये. श्वास कोंडू नये. दुखले की थांबावे. डॉक्टरांनी दिलेली गोळी वर्गाच्या भरवशावर बंद करू नये; योगाने सर्व रोग बरे होतात असे जो सांगेल त्याच्यापासून दूर राहावे. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या आहेत, हे स्पर्धा लावू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

वेषाविषयी काही वडीलधाऱ्या मंडळींस शंका वाटते. ती निराधार आहे. नऊवारी लुगड्याचा काष्टा घालून आमच्या आज्यांनी शेते कसली, डोंगर चढले. त्या वेषात सर्व सोपी आसने निर्वेध होतात. पाचवारीची सवय असलेल्या भगिनींनी सलवार घालावी. सत्तरीतल्या बाईने सलवार घातली म्हणून कुळास बट्टा लागत नाही.

आता शेवटचे निवेदन, आणि ते घरातील कर्त्या मंडळींस उद्देशून आहे. वर्ग चालतो तो शिक्षिकेमुळे, टिकतो तो घरच्यांमुळे. सकाळचा एक तास आईने बाहेर जावयाचे ठरविले, तर त्या तासाचा चहा कोणीतरी करावयास हवा, धार कोणीतरी काढावयास हवी, नातवास शाळेच्या गाडीपर्यंत कोणीतरी पोहोचवावयास हवे. ‘जा ना, आम्ही कोठे नको म्हणतो!’ असे म्हणून तिच्यापुढे कामाचा ढीग तसाच ठेवणे, हा नकाराचाच एक सभ्य प्रकार आहे. आयुष्यभर तिने जे जे केले ते कोणा ना कोणासाठी केले. देवळात गेली तरी नवस मुलाचा. आपल्या स्वतःसाठी म्हणून दिवसातला एक तास ती पहिल्याने मागते आहे. तो देणे हे उपकार नव्हेत, फार जुन्या देण्याची अल्पशी फेड आहे.

आणि मंडळाने काय करावे? ज्ञातीची जी कार्यालये लग्नसराईखेरीज कुलूपबंद असतात, त्यांची दारे सकाळी सहा ते सात या वेळात उघडावीत. ज्या गावी कार्यालय नाही तेथे देवळाचा सभामंडप वा शाळेची खोली मागून घ्यावी. दोन सतरंज्या आणि चार खुर्च्या द्याव्यात. शिकलेल्या एखाद्या सुनेस वा लेकीस प्रशिक्षणास पाठवावे आणि तिच्या जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने सोसावा. वर्गास ज्ञातीची मर्यादा घालू नये. शेजारणीस दाराबाहेर ठेवून कोणाचेही मन शांत होत नाही. किकवीपासून लोणावळे, पुणे आणि औंध ही तिन्ही ठिकाणे एका दिवसाच्या अंतरात आहेत. ज्या विद्येसाठी परदेशचे लोक समुद्र ओलांडून तेथवर येतात, ती आपल्या आयाबहिणींस उंबरठा ओलांडून मिळावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. पुढील स्मरणिकेत एखाद्या गावचा असा वर्ग सुरू झाल्याचे वृत्त आले, आणि त्यात हयात असलेल्या मातोश्रींची नावे छापली गेली, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.